चौकटीमागची जागा

१

कापड आधी भिजवून वाळवायचं. मग चौकटीवर ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचे आणि मधोमध बोटानं वाजवून बघायचं. हलगीसारखं वाजलं तर ठीक, नाहीतर चुका उपसून पुन्हा ताणायचं. त्यावर चिंचोक्याची खळ. खळ वाळली की झाव्याच्या दगडानं हलकं घासायचं. मग सफेदा आणि खडू जवसाच्या तेलात घोटून पात्यानं कापडावर ओढायचा. तो वाळला की घासायचं आणि पुन्हा ओढायचा. असं कापड तयार झालं की तेलरंगवाले चित्रकार त्यावर तसबीर काढतात.

खळ लावणं मी बापाकडून शिकलो. तो घोंगड्यांना लावायचा. बाकीचं हैद्राबादेत एका चित्रकाराकडे राबून शिकलो. शाळा म्हणाल तर दोन बुकं. लातुरात हे काम करणारा मी एकटा, आणि दुसरा कोणी असावा असं मला कधी वाटलं नाही.

लहान कापड मांडीवर घेऊन होतं. मोठ्याला दोन माणसं लागतात. चौकट उभी करायची, एकानं समोर राहायचं, एकानं मागं. समोरचा पातं ओढतो तेव्हा कापड मधे दबतं. झोळ पडतो. झोळात सफेदा जाड बसतो आणि वाळल्यावर तडकतो. म्हणून मागच्यानं तळवा कापडाला लावून पात्याबरोबर फिरवायचा. पातं जाईल तिथं हात, पात्याच्या मागोमाग. पुढं कधीच नाही. हात पुढं गेला की कापडाला फुगवटा येतो, पातं त्यावर चढतं आणि काम वाया जातं.

मागं माझी बायको असायची, गौरम्मा. ती उदगीरकडची, कानडी बोलत वाढलेली. 'अहो'च्या जागी 'री' म्हणायची. अंगानं ठेंगणी. कापडाच्या वरच्या भागाला हात पुरत नसे, म्हणून मागं एक चौरंग ठेवला होता. कापडाआडून ती मला दिसत नसे. बांगड्या वाजायच्या, शहाबादी फरशीवर चौरंग सरकायचा, आणि काम संपत आलं की ती एकदा विचारायची,

"समोरून कसं दिसतंय री?"

"पांढरं दिसतंय. आणखी काय."

ओल्या कापडाला पदर लागेल म्हणून मी तिला समोर येऊ देत नसे. मागच्या भागातच चुलीकडं जायचं दार होतं. हात धुऊन ती त्या दारानं जायची.

पटकीच्या साथीत ती गेली. सकाळी होती, दिवेलागणीला नव्हती. मी मागचं दार लावून घेतलं आणि त्याला तेलाचे डबे टेकवले. चूल समोरच्या ओसरीत आणली. त्यानंतर मी फक्त मांडीवरची कापडं करत आलो.

२

"आप्पा, हाव का घरात?"

हा वीरभद्र. नांदेड-लातूर रस्त्यावर निजाम रेल्वेची मोटार चालते, तिच्यावर क्लीनर. माझी कापडं बांबूला गुंडाळून तोच टपावर टाकून न्यायचा. घरात पाय ठेवणारा तो एकटाच.

"हाय. चपला बाहेर."

"घरात बोलायला माणूस न्हाई, पण चपलेची शिस्त लई," असं म्हणत तो आत येऊन टेकला. "रेणुकादास मास्तरांचा निरोप हाय. उभी तसबीर काढायची हाय त्यांना. पुरुषभर उंच, वर हातभर आणखी. एका जहागीरदाराची."

रेणुकादास मास्तर नांदेडचे चित्रकार. त्यांच्याकडं माझं कापड पंधरा-वीस वर्षं जात होतं.

"लई उंच हाय का जहागीरदार?" मी विचारलं.

"कुठला! माझ्या खांद्याला लागतो. म्हणूनच तर."

"मोठं कापड मास्तर मुंबईहून मागवायचे."

"लढाई चालू हाय आप्पा. विलायती माल बंद. आता तुम्हीच. न्हाई जमलं तर मास्तर बसलेली तसबीर काढतो म्हणतील आणि जहागीरदार दुसऱ्या कुणाकडं जाईल." त्यानं टोपी मागं सारली. "मास्तर म्हणले, आप्पा थकले आता. जबरदस्ती करू नको. विचारून बघ."

"काय विचारायचंय त्यात? जमतं."

"मागं कोण उभं राहील?"

मी पातं पुसायला घेतलं.

"माझी सासू धाडू का? एकदा उभी केली की हालत न्हाई. लग्नापासून माझ्या छाताडावर उभीच हाय."

"त्या जागेवर कुणी उभं राहायचं न्हाई."

वीरभद्रानं डबे टेकवलेल्या दाराकडं पाहिलं. मग टोपी नीट केली आणि उठला.

"मग करणार कसं?"

"ते मी बघतो. तू बांबू लांब आण."

३

चौकट उभी केली की खोलीचे दोन भाग होतात. समोरच्या भागात बाहेरचं दार आणि माळवदाला साणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. मागच्या भागात चौरंग आणि ते बंद दार. खिडकी नाही. इकडून तिकडं जायचं तर भिंत आणि चौकट यांच्यामधून आडवं होऊन सरकावं लागतं. मी समोर उभा असताना माझ्या नकळत कुणी मागं जाऊ शकत नाही.

भर दुपारी खळ लावायला घेतली. साण्यातून उजेड सरळ कापडावर पडला होता. एकट्यानं करायचं म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, हात हलका ठेवायचा, थर पातळ द्यायचा, एकाच्या जागी दोन द्यायचे. कडेनं सुरुवात केली. कडेला चौकटीचं लाकूड जवळ असतं, झोळ पडत नाही. मग पातं मधे आणलं आणि कापड दबायची वाट बघितली.

दबलं नाही.

कापड नवं होतं, पीळ घट्ट होता, आणि ताणलं मी होतं. असं होऊ शकतं. मी पातं थोडं दाबलं. पात्याखाली कापड घट्ट लागलं. पलीकडून तळवा लावल्यावर लागतं तसं. पात्याच्या बाजूला, वीतभर लांब, बोटानं दाबून पाहिलं. तिथं कापड मऊ होतं, बोट आत गेलं. पातं तिथं नेलं. तिथं घट्ट झालं आणि आधीची जागा मऊ झाली.

हे मी आणखी एकदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा केलं नाही. खळ थंड झाली की गोळा होते, ती थांबत नाही. मी खालपासून वरपर्यंत सगळं कापड उरकलं. एकही झोळ पडला नाही.

मागं जाऊन पाहिलं नाही. पातं धुतलं, भांडं घासलं, ओसरीत येऊन बसलो. संध्याकाळी भाकरी जास्त झाल्या. पीठ जास्त मळलं गेलं होतं, दुसरं काही नाही.

४

सफेद्याचा पहिला हात, म्हणजे पहिला थर, द्यायच्या दिवशी मी बोलायला लागलो.

आधी कामापुरतंच. "आता डावीकडं." "आता खाली." हात बरोबर यायचा. पातं वळलं की वळायचा, थांबलं की थांबायचा. मग मी इतर बोललो. घाणेवाल्यानं जवसात करडई मिसळली होती ते सांगितलं. गोलाईच्या बाजारात घासलेट मिळत नाही ते सांगितलं. गौरम्मा असताना मी इतकं बोलत नसे. बोलायची गरज नव्हती, ती होती.

पलीकडून उत्तर आलं नाही. बांगडी वाजली नाही. तिनं जाताना बांगड्या कुठं नेल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं.

मग पातं वरच्या भागाला आलं. इथं चौरंग सरकायला हवा होता. सवयीनं मी पातं उचलून थांबलो. ती चढेपर्यंत थांबायची माझी रीत होती. काही सरकलं नाही. मी पातं टेकवलं. पार वर, माझाच हात जिथं ताणून जातो तिथं, कापड घट्ट होतं.

तेव्हा मी मागं गेलो.

चौरंगावर धूळ होती, बोट न लागलेली. कापडाची मागची बाजू कोरी होती. गौरम्माच्या तळव्याला घाम यायचा. काम झालं की मागं तिच्या हाताचे मळकट ठसे उठायचे, मी त्यावरून बोलायचो. इथं एकही ठसा नव्हता. मी त्या स्वच्छ कापडाकडं बराच वेळ बघत उभा राहिलो.

हात असता तर ठसा असता. ठसा नाही, म्हणजे हात नाही. सरळ गोष्ट होती. हे पक्कं करून मी समोर आलो, पातं उचलून कापडाला लावलं.

हात होता.

५

दुसरा हात देत असताना वीरभद्र आला. मोटार बिघडून अड्ड्यावर पडली होती, म्हणून अवेळी आला. दारातूनच ओरडला.

"वा आप्पा! ठेवला की माणूस! आणि माझ्या सासूला न्हाई म्हणून राहिले."

मी पातं थांबवलं नाही. ओला सफेदा मधेच सोडला तर रेघ उठते.

"कुणाला ठेवलं? बोलत बी न्हाई. रामराम हो!" त्यानं कापडाकडं बघून हात जोडले. "आप्पा, ह्यो माणूस तुमच्यापेक्षा लई चपळ हाय बघा. तुमचं पातं यायच्या आधीच हात जाऊन बसून राहिला."

"मागोमाग येतो तो."

"मागोमाग कुठं? हे बघा की." त्यानं बोट दाखवलं.

मी पात्याकडं बघत होतो. काम करणारा पात्याकडंच बघतो. आता थोडं पुढं पाहिलं. पात्यापासून चार बोटं पुढं कापड किंचित फुगलं होतं. अगदी थोडं. साण्यातला उजेड तिरपा झाला होता म्हणून दिसलं. मी पातं त्यावर नेलं तसा फुगवटा निवला आणि आणखी चार बोटं पुढं उठला.

वीरभद्र हसत हसत भिंतीकडून आडवा होऊन मागं सरकला. "बघू तर द्या पाव्हणं," असं म्हणाला ते मी ऐकलं. मग काही ऐकू आलं नाही. कापड पात्याखाली घट्टच होतं.

तो परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला भिंतीचा चुना लागला होता. पाठ भिंतीला पार घासत आला होता.

"काय दिसलं?"

"काही न्हाई दिसलं."

"मग?"

"तेच तर सांगून राहिलो, आप्पा. काही न्हाई दिसलं. आणि कापड माझ्या नाकासमोर दबून राहिलं होतं. तळव्याएवढं, माझ्याकडून तिकडं." तो दाराकडं सरकला. "हे काम सोडा. मी मास्तरांना सांगतो, आप्पांना बरं न्हाई. चला माझ्यासंगं नांदेडला. सासूच्या हातचं खा चार दिस."

"काम अर्धं टाकायचं न्हाई."

"काकू न्हाईत त्या."

"तू कसं सांगतो?"

"काकूंनी मला बघून चहा विचारला असता," वीरभद्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. चपला हातात घेऊनच तो रस्त्यावर उतरला.

६

शेवटचा हात उरला होता. तो द्यायला मी घाई केली नाही. थर वाळेपर्यंत ओसरीत झोपलो, खोलीचं दार लोटून घेतलं. एकट्या माणसाला घरात आवाज येतात. माळवद उन्हानं तडकतं, उंदीर असतात. मला आवाज येत नव्हते. मी ऐकत पडायचो आणि आत काहीच वाजत नसे. याआधी आत रिकामी खोली होती. आता कुणीतरी न हलता उभं असल्यासारखी ती गप्प होती.

हे मनाचे खेळ आहेत हे मला कळत होतं. वीरभद्र हा बाता मारणारा माणूस, हेही कळत होतं. पण फुगवटा मी पाहिला होता. आणि एक गोष्ट मनातून जात नव्हती. गौरम्मा तीस वर्षांत एकदाही पुढं गेली नव्हती.

मागं तीच असेल तर मला पुढचं आयुष्य कठीण नव्हतं. ती नसेल, तर मी तिची जागा कुणाला दिली होती? एवढं कळायला हवं होतं. म्हणून शेवटचा हात द्यायला दुपारी आत गेलो.

सफेदा घोटला, भांड्यात घेतला. पातं भरून भांड्याच्या काठावर दोनदा आपटलं. ही माझी सवय आहे, जादा सफेदा गळून पडतो. खाकरलो. पातं कापडाला लावायला गेलो तर फुगवटा आधीच उठलेला होता. खाली नाही, जिथून मी सुरू करतो तिथं नाही. मधे.

"मागं राहा," मी म्हणालो.

फुगवटा सरकला. सावकाश, डावीकडं. तिथं थांबला.

"हात मागं ठेव म्हणतो ना."

मी पातं खाली, माझ्या जागी लावलं. कापड झोळ खाऊन आत गेलं. तिथं आधार नव्हता. आधार तिकडं होता, डावीकडं, वाट बघत. मी पातं उचलून तिकडं नेलं. कापड घट्ट झालं. फुगवटा पुढं निघाला आणि मी त्याच्या मागं निघालो.

असं बरंच चाललं. त्याला काम येत होतं. तो जिथं नेई तिथं सफेदा एकसारखा बसत होता, माझ्याच्यानं कधी बसला नव्हता इतका. खालचा तेवढा भाग राहिला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कुठं जायचं हे मी बराच वेळ ठरवलंच नव्हतं.

मी पातं भांड्यात ठेवलं. धोतराला हात पुसले. भिंतीकडून आडवा होऊन मागं गेलो.

७

मागं कुणी नव्हतं.

चौरंग होता. डबे होते. डब्यांमागं दार होतं. मी दाराकडं पाठ करून कापडासमोर उभा राहिलो. या बाजूनं मी कापड कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे समोर काम चालू असताना. साण्याचा उजेड पलीकडून येत होता. ओला सफेदा दिला होता तिथं कापड काळोखं दिसत होतं. खालच्या राहिलेल्या भागावर दोनच पातळ थर होते, तो तेवढा उजळ होता, झिरझिरीत.

झोळ किती पडतो ते बघावं म्हणून मी तळवा कापडाला लावला. एवढंच मनात होतं.

समोरून भांड्याच्या काठावर पातं आपटलं. दोनदा.

मग कुणीतरी खाकरलं. तो खाकरा मला ओळखीचा होता. ओसरीतून, गल्लीतून, कुठूनही लोक मला त्या खाकऱ्यावरून ओळखतात.

कापडाच्या उजळ भागात सावली आली. गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि दोन पाय. एवढंच दिसत होतं, वर सफेदा होता. पाय माझ्यासारखे उभे होते, डावा जरा पुढं. मग पातं कापडाला लागलं आणि दाब माझ्या तळव्यावर आला.

मी हात काढला नाही. काढला असता तर झोळ पडला असता. खरं कारण हेच, लोकांना पटो न पटो. पातं उजवीकडं गेलं, माझा हात गेला. खाली आलं, मी वाकलो. एकदा मला जागा आधी कळली आणि हात पुढं गेला. तेव्हा समोरून आवाज आला, चढा, तुसडा.

"हात मागं ठेव म्हणतो ना."

मी मागं ठेवला.

माझ्या शेजारी चौरंग हलला. सरकला नाही, नुसता हलला, वरचं माणूस उतरल्यावर हलतो तसा. पाठीमागून काहीतरी गेलं. लुगड्याचा काठ पोटरीला लागला असं मला वाटलं. मी मान वळवली नाही. पातं चालू होतं. बांगड्या भिंतीकडून गेल्या, चौकटीच्या कडेशी थोड्या अडल्या आणि समोरच्या बाजूला निघाल्या. तिथं जाऊन थांबल्या.

उजळ भाग आता बोटभर राहिला होता. त्यात पहिल्या दोन पायांशेजारी आणखी दोन पावलं होती. लहान, एकमेकांना लागून. बघायला उभं राहिलेल्या माणसाची.

पात्यानं तेवढाही भाग झाकला. मागं अंधार झाला.

मी किती वेळ तसा उभा होतो ते सांगता येणार नाही. शेवटी विचारलं.

"समोरून कसं दिसतंय?"

पलीकडं कुणी घाई केली नाही.

"पांढरं दिसतंय," गौरम्मा म्हणाली. "आणखी काय."

८

कापड नांदेडला गेलं. वीरभद्र आत आला नाही, मी गुंडाळी ओसरीत आणून दिली. पुढच्या खेपेला त्यानं रस्त्यावरूनच निरोप सांगितला. मास्तर म्हणाले, आप्पांच्या हातून असं कापड आजवर आलं नव्हतं. आणखी मोठी पाहिजेत.

मी करतो. चौकट उभी करतो, सफेदा घोटतो, भांडं भरून समोर ठेवतो. पातं भांड्यात ठेवतो. मग भिंतीकडून आडवा होऊन माझ्या जागेवर जातो आणि तळवा लावतो. पाठीमागचं दार मला उघडता येतं, डबे हलवायचे एवढंच. काम झालं की त्या दारानं, घराला वळसा घालून, मी ओसरीत येतो. समोर जात नाही. ओल्या कापडाला धोतर लागेल.

संपत आलं की एकदा विचारतो. उत्तर रोज तेच येतं, आवाजही तिचाच. तीस वर्षं ऐकलेला आवाज ओळखायला मी चुकणार नाही.

फक्त री म्हणत नाही.